थेट

साकीनाक्याचा गाळा, तिसरा मजला.
खाली लेथवर पितळ कातत होते,
तेवढ्यात मेल्विन म्हणाला, "शलाका,
लिनक्सची बिल्ड बंद करू या.
शंभरात दोन माणसं. तीही आता
विंडोजचीच फाइल घेतात, मधल्या थरातून चालवतात,
आणि खरं सांगू का, जास्त पळते."

पळते. मी मोजलं होतं आदल्याच रात्री,
कुणाला न सांगता.
माझी सहा वर्षांची थेट बिल्ड : चव्वेचाळीस फ्रेम.
दुभाष्याचा हात धरून आलेली ती : एकावन्न.
पुन्हा मोजलं. बाकी सगळं बंद करून मोजलं.
एकावन्न.

आमच्या खेळात एक होडी आहे, एक खाडी.
तिवरांतून वाट काढत मिठाच्या धक्क्याला लागायचं.
लिनक्सवर भरती एक फ्रेम उशिरा यायची.
एका फ्रेममध्ये पापणीसुद्धा धड मिटत नाही.
पण उरणच्या अनंता मढवींना कळलं.
"मॅडम, पाणी आधी चढतं, मग होडी.
तुमची होडी आधी उठते नि पाणी मागून धावत येतं.
बारा वर्षं मचव्यावर होतो, म्हणून सांगतो."
सोबत लॉग, चारशे ओळींचा,
जाळं नीट घडी करून ठेवावं तसा.

एकोणीस दिवस शोधली ती फ्रेम.
सापडली तेव्हा रात्रीचे अडीच,
गाळ्यात मी आणि वॉचमन शिवमूरत.
मी ओरडले, "मिल गया!"
तो म्हणाला, "क्या मिला?"
आणि भरतीबद्दल मी त्याला हिंदीत
जमेल तेवढं सांगितलं.
फाइलीत मात्र एक ओळ लिहून ठेवली :
मढवींच्या सांगण्यावरून. आधी पाणी.

लॅमिंग्टन रोडवर ग्राफिक कार्ड घेताना
दुकानदाराशी अर्धा तास हिंदीत घासाघीस केली होती.
बिलावर सही बघितली : सुहास तोरसकर.
त्यानेही माझं आडनाव वाचलं.
दोघं हसलो,
आणि वॉरंटीचं बोलणं पुन्हा हिंदीतच झालं.
काही अडलं नाही.
कार्ड अजून चालतंय.

म्हणून मेल्विनशी भांडायला माझ्याकडे काही नव्हतं.
तोही वसईचा, घरी आईशी वेगळंच बोलतो,
इथे फोनवर त्याचा आवाज बदलतो.
"तुझे महिन्यातले आठ दिवस वाचतील," म्हणाला.
वाचतील.
मी होकार दिला आणि चहा मागवला.

फोल्डर पुसायला चार सेकंद लागले.
मी उगाच वाट पाहत बसले,
एवढ्या फाइली, निदान मिनिटभर तरी.

संध्याकाळी मढवींची मेल.
"थरातून चालवून बघितली. झकास पळते.
पाणीपण वेळेवर येतं.
फक्त एक विचारायचं होतं.
आता काही चुकलं तर सांगायचं कुणाला?
खेळ म्हणणार थराचं, थर म्हणणार खेळाचं,
मधल्या मधे मीच चुकलो असं ठरेल.
तसं काही चुकलेलं नाही. आपलं विचारलं."

उत्तराचं पहिलं वाक्य इंग्रजीत आलं,
कंपनीच्या साच्यातलं, गुळगुळीत.
खोडलं.
दुसरंही.
मग लिहिलं, मला सांगा.
पाठवणार तर लक्षात आलं,
हा पत्ताही सोमवारपासून बंद आहे.

खाली लेथ थांबला होता,
पोरगा झाडूने पितळेचा कीस गोळा करत होता.
मी मेलच्या शेवटी माझा मोबाइल नंबर घातला,
आकडे एकदा वाचून पाहिले,
पुढे लिहिलं : रात्री दहानंतर केलात तरी चालेल.